रमाबाईंचे उघडे दार

आपल्याला जे सत्य गवसले असे वाटते ते दुसऱ्याला सांगावे की आपल्यापाशीच ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता सोपा दिसतो. सत्य गवसले असेल तर ते सांगण्यास हरकत कोणती, असे कोणीही म्हणेल. परंतु सांगणारा अन्नदाता असेल आणि ऐकणारा त्याच्या आश्रयाला आलेला असेल, तर काय? सांगणाऱ्याने पूर्वी 'मी यातले काही शिकविणार नाही' असा शब्द दिलेला असेल, तर काय? आणि शब्द पाळायचा म्हणून त्याने आपली श्रद्धा मुठीत झाकून ठेवली, तर त्याला प्रामाणिक म्हणावे की दुटप्पी?

ख्रिस्ती धर्म आणि धर्मप्रसार या विषयावर आपल्याकडे बोलणे निघाले की दोन तट चटकन पडतात. एका तटाला प्रत्येक ख्रिस्ती सेवाकार्यामागे जाळे दिसते. दुसऱ्या तटाला प्रत्येक आक्षेपामागे द्वेष दिसतो. आपल्या घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रसाराचा अर्थ आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्यापुढे मांडणे असा लावला, आणि दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही असे सांगितले. कायद्याची रेषा ही अशी आहे. पण माणसाच्या सचोटीची रेषा कायद्याच्या रेषेहून पुष्कळ बारीक असते, आणि ती कोठे नि कशी जाते हे पाहावयाचे तर तत्त्वचर्चेपेक्षा एखादे खरे उदाहरण हाती घेणे बरे. आम्ही पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचे घेतो. ते आपल्या घरचे आहे, आणि त्यातील एकही पक्ष मूर्खाचा किंवा लबाडाचा नाही, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर गुजराण करणारे हे कुटुंब १८७० नंतरच्या दुष्काळात उपासमारीने खचले; आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. १८८० साली बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह झाला आणि दोन वर्षांच्या आत पदरी एक लहान मुलगी असताना वैधव्य आले. १८८२ साली त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ साली वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या उद्देशाने इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज गावी सेंट मेरीच्या भगिनीसंघाकडे राहत असताना त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

हा बाप्तिस्मा कशाने घडला? युक्तिवादाने म्हणावे तर रमाबाई युक्तिवादात कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी स्वतः पुढे आपल्या आत्मनिवेदनात जे कारण सांगितले आहे ते वेगळेच आहे. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. तेथे समाजाने टाकलेल्या, वाईट मार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी त्या भगिनींनी आश्रम चालविला होता. ज्या स्त्रीच्या सावलीलाही आपल्याकडचा सभ्य समाज उभा राहू देत नव्हता, तिची शुश्रूषा कुलीन घरच्या बायका करीत आहेत, हे दृश्य रमाबाईंनी आयुष्यात प्रथमच पाहिले. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखविली. कृती आधी झाली. प्रश्न ऐकणारीने विचारला. आणि मग उत्तर आले. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे शारदासदनात नेमका हाच क्रम वादाचा विषय झाला.

परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणजे बाई इंग्लिश चर्चच्या झोळीत पडल्या, असे मात्र झाले नाही. येथून पुढची तीन वर्षे त्यांचा आणि सिस्टर जेराल्डीन यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यातील रमाबाई म्हणजे एक अवघड शिष्या. त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीला पटेपर्यंत तो मी ओठांनी म्हणणार नाही, हा त्यांचा हट्ट. गळ्यात घालण्याच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हा त्यांचा प्रश्न. मांस तर नाहीच, पण अंडे घातलेला गोड पदार्थही त्या खात नसत. यावर 'हा जातीचा अभिमान अजून गेला नाही' असे त्यांना ऐकविण्यात आले, तर बाईंनी तो आरोप फारसा नाकारलाही नाही आणि पानातला नेमही बदलला नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांनी कळविले. ज्या स्त्रीने शास्त्र्यांच्या सभा गाजविल्या होत्या तिला हे ऐकून काय वाटले असेल, ते सांगावयास नकोच.

जेराल्डीनबाईंची बाजूही आपण समजून घेतली पाहिजे. त्यांना वाटे, जो धर्म स्वीकारला त्याच्या अधिकाराला मान तुकवावी, ही साधी निष्ठा आहे. रमाबाईंना वाटे, जे मला पटलेले नाही ते पटले म्हणून सांगणे म्हणजे देवापुढे खोटे बोलणे आहे. आम्हांस रमाबाईंचेच म्हणणे ग्राह्य वाटते. दुसऱ्याला विश्वास सांगू पाहणाऱ्याने आपला विश्वास किती आणि संशय किती, याचा हिशेब आधी स्वतःशी चोख ठेवला पाहिजे. इकडे महाराष्ट्रात बाई बाटल्या म्हणून ओरड चालली होती, आणि तिकडे त्या बाटविणाऱ्यांशी अक्षरशः शब्दाशब्दावर भांडत होत्या, हे येथल्या कितीजणांना ठाऊक होते? महात्मा जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू उघडपणे घेतली होती.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ हे निमित्त होते. पण मुक्काम वाढला. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. या मंडळाने दहा वर्षे पैसा पुरविण्याचे पत्करले. त्यात एक कलम ठरले : शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील. विधवा हिंदू घरांतील असणार. धर्म बुडेल अशी धास्ती वाटली तर एकही बाप मुलगी पाठविणार नाही, हे रमाबाईंनाही कळत होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. १८९० च्या अखेरीस ते पुण्यास आले. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. आज आपण ज्या वसंत व्याख्यानमालांच्या परंपरेत बसलो आहोत तिचा पुण्यात १८७५ साली पाया घालणारे तेच हे रानडे.

सदनाची व्यवस्था काय होती? मुलींना आपापल्या जातीचे सोवळेओवळे पाळण्याची मुभा होती, पूजाअर्चेला आडकाठी नव्हती. ग्रंथसंग्रहात हिंदू धर्मग्रंथ होते आणि बायबलही होते. धर्मशिक्षणाचा तास नव्हता. फक्त एक गोष्ट होती. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीला, मनोरमेला, घेऊन प्रार्थना करीत, आणि त्या खोलीचे दार उघडे असे. हळूहळू काही मुली त्या दारातून आत येऊन बसू लागल्या. त्यांना कोणी बोलाविले नव्हते. आणि त्यांना कोणी बाहेरही घातले नाही.

एवढ्या एका दारावरून १८९३ सालचे वादळ उठले. 'केसरी'ने तर सदनावर कडक टीका आधीपासूनच चालविली होती. आता मित्रही अस्वस्थ झाले. सल्लागार मंडळाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला आणि अनेक मुलींना त्यांच्या घरच्यांनी काढून नेले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे येथे सावकाशीने पाहिले पाहिजे. रमाबाई म्हणत : मी कोणाला ख्रिस्ती धर्म शिकविणार नाही असा शब्द दिला आहे, मी ख्रिस्ती नाही असे दाखवीन, असा शब्द दिलेला नाही. हिंदू गृहिणी आपल्या घरात उघडपणे पूजा करते, मुले भोवती बसतात, तेव्हा ती त्यांच्यावर जुलूम करते असे कोणी म्हणत नाही. मग माझ्याच घरात मी दार लावून चोरून प्रार्थना का करावी? या मुलींना मी घर दिले आहे. घरात आई एका खोलीत आणि मुलींना त्या खोलीत मज्जाव, हे कसे व्हावे?

रानडे-भांडारकरांचे म्हणणे याहून कमी सबळ नव्हते. ज्या मुलीला सासरी थारा नाही, माहेरी आधार नाही, केशवपनाच्या भीतीने जी येथे आली आहे, तिच्या दृष्टीने रमाबाई ही केवळ शिक्षिका नव्हे. जगात तिच्याशी मायेने बोलणारी ती एकच व्यक्ती आहे. अशा मुलीने त्या दारातून आत जाणे याला 'स्वेच्छा' कितपत म्हणावे? बोलावणे तोंडानेच करावे लागते असे नाही. प्रेमाचे बोलावणे सर्वांत बळकट, आणि ते ज्याच्याकडून येते त्यालाही पुष्कळदा कळत नाही. शिवाय या मुलींच्या बापांनी जो भरवसा ठेवला तो रमाबाईंच्या शब्दाच्या बारकाव्यावर नव्हे, त्या शब्दाचा जो सरळ अर्थ त्यांना कळला त्यावर ठेवला. दिलेल्या शब्दाचा अर्थ देणाऱ्याने लावावयाचा की घेणाऱ्याने?

सचोटीची खरी कसोटी आम्हांस या शेवटच्या प्रश्नात दिसते. बोस्टनच्या मंडळाने चौकशी करून रमाबाईंवरचा विश्वास कायम ठेवला, म्हणजे पैसा देणाऱ्यांच्या दृष्टीने शब्द मोडला नव्हता. पण मुली देणाऱ्यांच्या दृष्टीने तो मोडला होता. आणि आणखी एक गोष्ट आहे, जिचा उल्लेख या वादात क्वचितच होतो. रमाबाईंनी आत्मनिवेदनात सांगितले आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो अनुभव आठएक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास आला. आता तारखा जुळवून पाहा. तटस्थतेचा शब्द ज्या रमाबाईंनी दिला त्या बुद्धीने ख्रिस्ती झालेल्या, सिद्धांताशी झगडणाऱ्या रमाबाई होत्या. तो शब्द पाळण्याची वेळ ज्यांच्यावर आली त्यांच्या अंतःकरणात मध्यंतरी दिवा लागला होता. वचन एका बाईने दिले आणि निभावणे दुसरीच्या वाट्याला आले, असे म्हटले तरी चालेल. पुढच्या काही वर्षांत सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा टीकाकारांची भीती अगदीच पोकळ नव्हती, हेही मान्य केले पाहिजे.

मग रमाबाई अप्रामाणिक होत्या का? आमचे मत असे की नव्हत्या. पण १८९१ नंतर त्यांनी एक गोष्ट करावयास हवी होती. जुन्या शब्दात आता माझे मन मावत नाही, हे त्यांनी आपण होऊन, कोणी विचारण्यापूर्वी, मुलींच्या पालकांना आणि रानड्यांना स्पष्ट सांगितले असते, तर राजीनामा आला असताच, कदाचित सदनही ओस पडले असते; परंतु फसवणुकीचा शब्द कोणालाही उच्चारता आला नसता. दार उघडे ठेवणे हा प्रामाणिकपणा होता खरा. दार उघडे आहे हे आधी कळविणे हा त्याहून एक पायरी वरचा झाला असता. अर्थात हे शंभराहून अधिक वर्षांनी, खुर्चीत बसून सांगणे सोपे आहे. अनेक विधवांचा संसार त्या बाईंच्या एकटीच्या शिरावर होता.

सदनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई जोशी. रमाबाईंच्या सहवासात चार वर्षे राहून, त्यांच्यावर अपार माया करूनही ती हिंदूच राहिली, आणि मार्च १८९३ मध्ये तिने प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. याच त्या बाया कर्वे. उघड्या दारासमोर चार वर्षे राहूनही आत न जाणे शक्य होते, याचा हा पुरावा. आणि कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी जी संस्था काढली, तिच्यामागे शारदासदनाचा धडा होता हे उघडच आहे. ख्रिस्ती बाईच्या हाती आपल्या लेकी जाऊ नयेत असे वाटत असेल तर आपण स्वतः घर बांधले पाहिजे, हे काही थोड्यांना तरी कळले. नुसत्या टीकेने एकाही विधवेला जेवण मिळत नव्हते.

१८९८ साली बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत संपली आणि त्याबरोबर तटस्थतेचे कलमही संपले. तोवर १८९६-९७ चा दुष्काळ येऊन गेला होता. लहानपणी उपासमार भोगलेल्या रमाबाईंना घरी बसवले नाही; त्या मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली घेऊन आल्या आणि पुण्याजवळ केडगावला त्यांनी त्यांचे बस्तान मांडले. हेच मुक्तिसदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या. तेथे शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींचे शिक्षण, आणि पतित स्त्रियांसाठी कृपासदन, असा सगळा पसारा उभा राहिला. फुलहॅममध्ये जे पाहिले होते ते पंधरा वर्षांनी केडगावच्या माळावर उतरले. आता पाटी स्पष्ट होती : हे ख्रिस्ती घर आहे. कोणाशी आडपडदा नव्हता.

एका परीने सचोटीचा प्रश्न येथे सुटला. दुसऱ्या परीने तो अधिक बिकट झाला, आणि त्याकडे डोळेझाक करणे बरे नव्हे. पुण्याच्या मुलींना निदान बाप होते, काढून नेणारे होते. दुष्काळातून उचललेल्या आठ वर्षांच्या पोरीला कोण होते? जिने भाकर दिली तिचा देव तो आपला देव, असे तिला वाटले तर नवल नाही. तिच्या बाप्तिस्म्याला स्वतंत्र निर्णय म्हणण्यास आमची जीभ कचरते. पण लगेच दुसरे म्हणावेसे वाटते : कोणत्याही धर्मात, कोणत्याही घरात, आठ वर्षांचे मूल आपला देव स्वतंत्रपणे निवडीत नाही. ज्या घराने उचलले त्या घराचा दिवा त्याला मिळतो. केडगावच्या बाबतीत विचारावयाचा प्रश्न म्हणूनच निराळा आहे. ख्रिस्ती होण्यास नकार देणारीला भाकर मिळत राहिली असती काय? आणि आपण, जे हा प्रश्न विचारतो, ते त्या दुष्काळात त्या रस्त्यावर होतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर धर्मप्रसारकाने द्यावयाचे, दुसऱ्याचे इतरांनी.

याच काळातले दुसरे घर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. त्यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ही बातमी गोष्ट होऊन गेल्यावर कळली. पत्नीला अंधारात ठेवून घेतलेला हा निर्णय सचोटीला धरून होता, असे आम्ही म्हणणार नाही. त्याचे दुःख 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले आहे. परंतु पुढचे वागणे पाहा. ताटातुटीच्या वर्षांनंतर लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या आपले सोवळे घेऊन. टिळकांनी त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था केली, आणि आपला धर्म त्यांच्यावर लादला नाही. जातीचा भेद देवाने केला की माणसाने, याचा विचार करीत करीत लक्ष्मीबाईंचे सोवळे त्यांच्या स्वतःच्या हातून सुटले, आणि ख्रिस्ताकडे त्या वळल्या त्याही स्वतःच्या पायांनी. कवी म्हणून गाजलेल्या या माणसाने सर्वांत जवळच्या माणसाच्या बाबतीत तोंड मिटून वाट पाहिली. तापट स्वभावाच्या टिळकांना हे सोपे गेले नसणार.

शब्दांच्या बाबतीत मात्र या दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या पडल्या. टिळकांनी अभंग आणि कीर्तन घेतले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो ही त्यांची भावना होती, आणि म्हणून वारकऱ्यांची वाणी त्यांना परकी वाटली नाही. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, तोही मिशनच्या चौकटीबाहेर, देशी वळणाचा. कोणी म्हणेल, ओळखीच्या चालीवर अनोळखी देव गाणे ही युक्तीच नव्हे काय? परंतु टिळकांच्या रचनेत ख्रिस्ताचे नाव झाकलेले नसते. आणि जी भाषा आईच्या दुधाबरोबर आली ती धर्म बदलला म्हणून परत करावयाची, असा काही करार नाही.

रमाबाई उलट टोकाला गेल्या. प्रचलित मराठी बायबलातील संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही आणि तिच्यातील कित्येक शब्दांना वेदांताचा रंग चढलेला आहे, असे त्यांचे मत झाले. शब्द ओळखीचा वाटतो म्हणून ऐकणारी मान डोलावते, आणि अर्थ मात्र भलताच घेऊन जाते. ही नकळत झालेली फसवणूक त्यांना नको होती. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल पुन्हा साध्या मराठीत उतरविण्यास बसल्या. जिने संस्कृतच्या बळावर कलकत्ता जिंकले होते, तीच आता संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढीत होती. या भाषांतराची मराठी काही ठिकाणी खडबडीत झाली आहे, हे खरे. वाचकाला गोड वाटावे हा तिचा हेतूच नव्हता.

१९२१ साली मनोरमा गेली. हिनेच सकाळच्या त्या प्रार्थनेत आईशेजारी बसून दार उघडे पाहिले होते. रमाबाई मुद्रिते तपाशीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा भाषांतराचे काम हातावेगळे झालेले होते. केडगावच्या छापखान्यात सदनातल्या बायकांनीच खिळे जुळविले आणि १९२४ साली ते बायबल छापून बाहेर पडले.